मोकळा रकाना

पाठ टाचणाची वही ज्यांनी कधी हातात घेतलेली नाही, त्यांना आधी तिची ओळख करून द्यायला हवी. बी.एड. करणाऱ्या प्रत्येकाला सराव पाठ घ्यावे लागतात आणि प्रत्येक पाठाचं टाचण काढावं लागतं. वर इयत्ता, तुकडी, घटक, उपघटक, तारीख. मग उद्दिष्टं, शैक्षणिक साधनं. त्याखाली पट्टीने आखलेले रकाने: आशयाचे मुद्दे, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन, मूल्यमापन. यातला विद्यार्थीकृतीचा रकाना मोठा मजेशीर. मुलं उद्या वर्गात काय करणार, ते आदल्या रात्री घरी बसून लिहायचं असतं. ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ ‘विद्यार्थी चित्राचे निरीक्षण करतात.’ ‘विद्यार्थी अपेक्षित उत्तर देतात.’ ते अपेक्षित उत्तरही शेजारी लिहून ठेवायचं. या वह्यांमधली मुलं कमालीची गुणी. तिथे कुणी तासाला पेन्सिलीला टोक काढत बसत नाही, कुणाला मधेच लघवीला जायचं नसतं आणि ‘बाई, हा चिमटे काढतोय’ अशी तक्रार तर कधीच येत नाही.

ही गोष्ट अशाच एका वहीची. घडते बोळिंजमधल्या एका मराठी शाळेत, सहावी ‘ब’मध्ये.

विरार स्टेशनाच्या पश्चिमेला शेअर रिक्षा पकडली की आगाशीच्या वाटेवर बोळिंज येतं. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, नारळ, विहिरी असा हा मूळचा मुलूख. आता मधे मधे टॉवर उभे राहिलेत, म्हाडाची मोठी वसाहत झाली आहे. त्यामुळे एकाच बाकावर एक पोर असं असतं की ज्याचे पणजोबा याच वाडीत राबले, आणि शेजारी असं की जे गेल्या मे महिन्यात सामानाचा टेम्पो घेऊन राहायला आलं. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014ला. सहावीतली ही मुलं त्याच्याच आगेमागे जन्मलेली, म्हणजे जिल्हा आणि पोरं जवळजवळ समवयस्कच.

या वर्गावर एक छात्राध्यापिका आली. तिचं नाव सांगून उपयोग नाही, कारण शाळेत शिपाईकाकांपासून सगळे तिला ‘बी.एड.च्या बाई’ असंच म्हणत. 2015पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला अनुभव वीस आठवड्यांचा: पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. ती त्या सोळा आठवड्यांसाठी आली होती. राहायला वाणगावला, रोज डहाणू लोकलने विरार, पुढे रिक्षा. पोरगी हुशार. कॉलेजात सूक्ष्म अध्यापनात तिचं नाव होतं. प्रश्न कौशल्य, प्रबलन, चेतक बदल, सगळ्यात पुढे. अर्थात सूक्ष्म अध्यापनाचा वर्ग म्हणजे आपल्याच बरोबरीचे चार-सहा जण विद्यार्थी होऊन बसलेले. ते अपेक्षित उत्तर बरोबर देतात, कारण थोड्या वेळाने पाळी त्यांचीही असते.

पहिला पाठ झाल्यावर तिने कॉलेजच्या नियमाप्रमाणे चिंतनाचं पान लिहिलं आणि वर्गशिक्षिकेपुढे सहीसाठी ठेवलं. बाईंची नोकरी संपत आलेली. त्यांनी डबा बाजूला सारला, चष्मा लावला आणि पान वाचलं. ‘आज माझा पाठ चांगला झाला. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला. प्रस्तावनेला मला दोन मिनिटे जास्त लागली. माझे फलकलेखन सुवाच्य होते. पुढील पाठात मी प्रबलनाचा अधिक वापर करेन.’

“अक्षर छान आहे गं तुझं,” बाई म्हणाल्या. “पण वर्ग कुठाय यात?”

“म्हणजे?”

“म्हणजे पोरं. पन्नासएक पोरं बसली होती समोर. या पानावर एकही आलेलं नाही.”

तिला हसावं की वाईट वाटून घ्यावं कळेना. बाईंनी सही केली, मग टाचणाची वही ओढली आणि विद्यार्थीकृतीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“उद्यापासून हा घरून भरून आणायचा नाही. मोकळा ठेवायचा. तास संपला की इथे बसून भरायचा. जे झालं तेच लिहायचं. आणि ‘विद्यार्थ्यांनी’ असं मोघम नको. कोणी, ते लिही.”

“पण बाई, रकाना रिकामा दिसला तर कॉलेजात टाचण अपूर्ण धरतात.”

“धरू देत. तेव्हाचं तेव्हा बघू.”

वरवर सोपं वाटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी तास संपवून ती खुर्चीत बसली आणि पेन हातात तसंच राहिलं. आपण काय बोललो, कुठे अडखळलो, नकाशा कुठल्या खिळ्याला लावला, सगळं लख्ख आठवत होतं. मुलांनी काय केलं? ‘तिघांनी हात वर केले.’ कोणी? तेच ते तिघे. खिडकीजवळ कोण बसतं? आठवेना. पुढचा मुद्दा विसरू नये, खडू मोडू नये, घंटा व्हायच्या आत मूल्यमापन उरकावं, या धास्तीतच नव्या शिक्षकाचं सगळं लक्ष खर्ची पडतं. बघायला शिल्लक काही राहत नाही. डोनाल्ड शॉन यांचं चिंतनशील व्यावसायिकावरचं पुस्तक 1983चं, आणि बी.एड.च्या पेपरात त्यावर हमखास प्रश्न असतो: काम करता करता होणारं चिंतन आणि काम झाल्यावरचं चिंतन यांतला फरक स्पष्ट करा. तिने तो उत्तम स्पष्ट केला होता. मात्र चिंतन करायचं झालं तर नजर कुठे ठेवायची, हे त्या उत्तरात नसतं. माझं तर मत असं की आपल्याकडची बरीचशी चिंतनाची पानं हा आपलाच फोटो न्याहाळण्याचा प्रकार असतो, जरा गंभीर भाषेत.

मग तिने एक युक्ती केली. टाचणाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाकांचे चौकोन काढले आणि जो बोलेल, विचारेल, फळ्याजवळ येईल त्याच्या चौकोनात टिंब द्यायला लागली. आठवडाभरात चित्र उभं राहिलं. टिंबांची गर्दी पहिल्या रांगेत आणि मधल्या ओळीत. बाजूच्या ओळी आणि मागचे बाक बहुतेक कोरे. अ‍ॅडम्स आणि बिडल या संशोधकांनी 1970 साली वर्गांच्या चित्रीकरणावरून हाच पट्टा दाखवून दिला होता: शिक्षकाचा संवाद बहुतेक वेळा पुढच्या आणि मधल्या मुलांशीच होतो. हे तिने नोट्समध्ये वाचलं असेल किंवा नसेल. पण आपल्याच हाताने दिलेली टिंबं पुढ्यात आली की पळवाट उरत नाही.

“ही भिंतीकडची, तिसऱ्या बाकावरची मुलगी,” बाई कागदावर वाकून म्हणाल्या, “अजून तुझ्या वहीत आलेलीच नाही.”

“ती बोलतच नाही हो, बाई.”

“बोलत नसेल. काही करत असेल की नाही?”

योगायोगाने दोन दिवसांनी गणिताच्या सरांची रजा होती आणि ऑफ तासाला हिलाच वर्गावर पाठवलं. फळ्यावर आधीच्या तासाचं गणित तसंच होतं: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? हिचा विषय इतिहास. तिने सहज तेच विचारलं. वर्ग एका सुरात ओरडला, “एक चतुर्थांश!” का, तर तीनापेक्षा चार मोठे. नेहमीच्या तिघांनीही तेच सांगितलं. ती बोलत बोलत भिंतीच्या बाजूने गेली. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने वही उलटी धरून शेवटच्या पानावर काहीतरी चालवलं होतं, ते झाकायला हात पुढे आला. “बघू गं,” म्हटल्यावर हात हळूच सरकला. पानावर बारा टिंबं, दोन ओळींत सहा-सहा. पहिल्या चारांभोवती एक गोल, त्याखाली परत बारा टिंबं आणि तिथे तिनांभोवती गोल.

“हे काय आहे?”

“केळी,” मुलगी पुटपुटली. मग जरा थांबून म्हणाली, “पाव डझन म्हणजे तीन. डझनाचे तीन वाटे केले तर चार येतात. मग चारच जास्त ना?”

तिचे वडील विरारच्या बाजारात केळ्यांची गाडी लावत. संध्याकाळी गिऱ्हाइकाला केळी मोजून द्यायचं काम हिचं. सगळा वर्ग नियमावर अडकला होता आणि उत्तर त्या भिंतीकडच्या बाकावर गोल करून ठेवलेलं होतं, तेही हाताआड. तिने मुलीला फळ्यापाशी नेलं नाही. ती रडली असती. वहीच उचलून सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, “हे कुणाला कळतंय का?” मागून कुणीतरी म्हणालं, “अरे हो यार, पाव डझन!” एवढ्यावर काम झालं. त्या दिवशी रकाना तर भरलाच, समासातही लिहावं लागलं.

डबा खाताना बाईंनी विचारलं, “तू वाणगावची ना? कोसबाडला गेली होतीस कधी?”

“नाही. जवळ आहे, पण नाही गेले.”

“जाऊन ये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात. का येतील? घरी लहान भावंडं सांभाळायची, लाकूडफाटा आणायचा. मग बालवाडीच उचलून पोरांच्या अंगणात नेली. आता गावोगाव अंगणवाडी झाली, पण ती आली तिथून. सत्तावन्न साली कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तर तिथे पोरं गुरं राखायला कुरणात. म्हणून कुरणशाळा. शाळा कुठे भरवायची ते पोरांनी ठरवलं, या दोघी गेल्या मागून.” आणि मग लोणच्याची फोड उचलत, “पुढे पद्मभूषण, पद्मश्री मिळाली म्हणून आपण नाव घेतो. त्या वेळी लोक वेड्यात काढत असतील.”

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग.

सहावीच्या इतिहासात ‘मौर्यकालीन भारत’ हा धडा आहे. तिने तो मुद्दाम मागून घेतला. बोळिंजपासून नालासोपारा हाकेच्या अंतरावर. तेच प्राचीन शूर्पारक, तिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळालेला, तिथला विटांचा स्तूप अजून उभा. ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ या सूत्राला याहून चांगलं उदाहरण कुठून मिळणार? रात्री जागून टाचण काढलं. प्रश्न: आपल्या परिसरात अशोकाची आठवण सांगणारे कोणते ठिकाण आहे? विद्यार्थीकृती मोकळी ठेवली, तरी मनात उत्तर होतंच: सोपाऱ्याचा स्तूप.

तिने स्तूपाचा मोठा फोटो दाखवला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी बाकाखालीच जास्त रमायचा, एकदम उभा राहिला.

“बाई, ह्यो तर बुरूड राजाचा कोट.”

वर्ग हसला.

“अशोकाचा नाय तो. आमच्या आजीने सांगितलंय. आमचा राजा होता.”

त्याची आजी सुपं-टोपल्या विणते हे वर्गाला ठाऊक होतं. पुढच्या रांगेतून आवाज आला, “टोपल्या विणणारा राजा!” परत हशा. घड्याळात पंधरा मिनिटं उरलेली, शिलालेखाचा मुद्दा बाकी. ती म्हणाली, “बरं, बस खाली. पुढे जाऊ या.” मुलगा बसला आणि लगेच बाकाखाली गेला.

तासानंतर तिने ती चारही वाक्यं जशीच्या तशी रकान्यात उतरवली, हशासकट. बाईंनी वाचलं.

“मग तू काय म्हणालीस?”

“तेही लिहिलंय शेजारी. ‘पुढे जाऊ या.’ उत्तर चुकलं होतं, पण वेळ नव्हता.”

“चुकलं होतं?” बाईंनी एवढंच विचारलं आणि त्या पेपर तपासायला लागल्या. खडूस होत्याच जरा.

त्या रात्री ती पुस्तकं घेऊन बसली आणि जे सापडलं त्याने तिची झोप उडाली. 1882 साली पुरातत्त्व संशोधक पंडित भगवानलाल इंद्रजी खोदकामासाठी सोपाऱ्याला आले, तेव्हा गावकरी त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ असंच म्हणत होते आणि ते नाव त्या खोदकामाच्या हकिगतीतच नोंदलेलं आहे. म्हणजे पोराच्या आजीने सांगितलेलं नाव जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच छापून आलेलं. पुढची गंमत आणखी मोठी. भगवानलालांना स्तूपाच्या पोटात दगडी करंडा मिळाला. आत एकात एक डब्या, सोन्याची फुलं, भोवती आठ छोट्या ब्राँझ बुद्धमूर्ती. त्याच खोदकामात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं निघालं. हा राजा अशोकानंतर चारशेहून अधिक वर्षांनी झाला. अशोकाचा लेख सोपाऱ्यात मिळाला हे खरं: आठव्या लेखाचा तुकडा 1882मध्ये, नवव्याचा 1956मध्ये भुईगावला. पण लेख वेगळा, स्तूप वेगळा. करंडा ज्यांनी ठेवला ते अशोकाच्या काळचे नव्हते, हे ते नाणंच सांगतं. ‘अशोकाचा नाय तो’ म्हणणारा पोरगा निदान अर्धा तरी बरोबर होता, आणि टाचणातलं अपेक्षित उत्तर निदान अर्धं चूक.

पुढच्या तासाला तिने नवीन मुद्दा घेतलाच नाही. फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे ‘आपण काय ऐकलं’, उजवीकडे ‘हे कशावरून’. मागच्या बाकावरच्याला म्हणाली, “तू काल जे म्हणालास ते परत सांग. सगळ्यांना लिहून घेऊ दे.” तो संशयाने उभा राहिला, आपली फिरकी घेतायत की काय, असं त्याला वाटलं असावं. डावीकडे पहिलं वाक्य त्याचं लागलं. मग तिने 1882च्या नोंदीतलं तेच नाव उजवीकडे लिहिलं. वर्ग गप्प. डबीत डबीची हकिगत सांगितल्यावर सगळेच पुढे सरकले. सोन्याचं नाव काढलं की कुठलाही वर्ग पुढे सरकतो.

खरा प्रश्न आला तो आदल्या दिवशी टर उडवणाऱ्याकडून. “बाई, दगडावर अशोकाने लिहून ठेवलं होतं ना? मग गावातल्या लोकांना कसं कळलं नाही?”

“तूच सांग. का नसेल कळलं?”

“वाचता येत नसेल.”

“कुणालाच?”

मग ब्राह्मी लिपी निघाली. ती वाचणारी माणसं संपली, अक्षरं दगडावर राहिली. शेकडो वर्षांनी, 1837 साली जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली. मधल्या काळात टेकाड तर डोळ्यांसमोर होतं. कुणाचं म्हणून सांगायचं? लोकांनी त्याला एक राजा दिला. “आपल्यातलाच दिला,” मागचा पोरगा म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. भिंतीकडच्या मुलीने स्वतःहून, अगदी हळू, विचारलं की आठव्या लेखात लिहिलंय काय. तिने सांगितलं: पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला फिरायचे, मी ते सोडलं, आता मी धर्मयात्रेला जातो, वडीलधाऱ्यांना भेटतो, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटून बोलतो. “म्हणजे तो आजीला पण भेटला असता,” मुलगी म्हणाली. हेही वाक्य रकान्यात आहे.

घरी जाऊन मोठ्यांना विचारून यायला सांगितलं, तर म्हाडाच्या इमारतींतून साताऱ्याच्या, जळगावच्या, जौनपूरच्या टेकड्या आणि राजे आले. डावा भाग पुरेना. उजवा मात्र बऱ्याच ठिकाणी कोरा राहिला, आणि तो तसाच ठेवायचा असतो हे पोरांना पटायला वेळ लागला.

शेवटच्या आठवड्यात पाठनिरीक्षणाला कॉलेजातून प्राध्यापक आले. मागच्या बाकावर बसून त्यांनी निरीक्षणाचं पत्रक काढलं, टाचण उघडलं आणि विद्यार्थीकृतीचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा पाहून लाल पेनाने कोपऱ्यात शेरा मारला: ‘टाचण अपूर्ण.’ गुण कापले. पाठ झाला. ती नेहमीच्या सवयीने शिक्षकखोलीत बसून रकाना भरायला लागली. प्राध्यापक चहा पीत होते. पाच मिनिटांनी त्यांनी वही मागितली.

“हे सगळं आत्ता झालं?”

“हो सर.”

“मी तर तिथेच होतो. या खिडकीतल्या मुलाने शेजाऱ्याची चूक खोडून दिली, हे मला कुठे दिसलं नाही.”

“तुम्ही पत्रक भरत होता, सर,” वर्गशिक्षिका बाई मान वर न करता म्हणाल्या.

प्राध्यापक हसले. माणूस वाईट नव्हता. बराच वेळ पानं उलटत राहिले, केळ्यांच्या टिंबांपाशी थांबले, बुरूड राजापाशी थांबले. “गुण आता बदलता येणार नाहीत,” ते म्हणाले. “नमुना ठरलेला आहे, आणि उद्या बाकीचेही कोरे रकाने घेऊन आले तर मी काय करू?” यात खोटं काही नव्हतं. मग उठता उठता म्हणाले, “पण आजच्या पानाची एक झेरॉक्स द्याल का? कॉलेजात दाखवीन म्हणतो.”

ती नाक्यावर जाऊन झेरॉक्स काढून आली. मशीन चांगलं होतं. कोपऱ्यातला ‘टाचण अपूर्ण’ हा शेराही स्वच्छ उमटला होता.